जुन्या संबंधांना जुना दर का?

"नव्या माणसाला हवा तो दर सांगा, पण जुन्या माणसांकडे वाढवून मागायचं नसतं. त्यांनीच तर आपल्याला उभं केलेलं असतं." मराठी ग्रंथव्यवहारात घरी बसून, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या कानावरून हे वाक्य गेलेलं आहे. मुद्रितशोधक, अनुवादक, अक्षरजुळणी करणारे, मुखपृष्ठं करणारे चित्रकार, सगळे यात आले. प्रकाशक असं म्हणतात, हितचिंतक म्हणतात, आणि आमच्यातले ज्येष्ठही नवोदितांना व्यवहारज्ञान म्हणून हेच शिकवतात. मी स्वतः मुद्रितशोधन आणि अनुवाद करते, आणि मला हे म्हणणं मुळापासून अमान्य आहे. जुन्या ग्राहकाकडे ठरावीक काळाने दर वाढवून मागण्यात कृतघ्नपणा काहीच नाही. उलट वर्षानुवर्षं गप्प राहिल्याने आधी काम खालावतं आणि मग संबंध बिघडतात.

आधी हिशेब मांडू. दर तोच राहिला म्हणजे काहीच बदललं नाही, या समजुतीवर हे सगळं व्यवहारज्ञान उभं आहे. 2016 साली आपल्याकडे महागाईचं अधिकृत उद्दिष्ट ठरलं: वर्षाला 4 टक्के, वर-खाली 2 टक्क्यांची मुभा. म्हणजे रिझर्व्ह बँक आपल्या कामात पुरेपूर यशस्वी झाली तरी दहा वर्षांत 100 रुपयांच्या वस्तूला 148 रुपये पडणार. दहा वर्षांपूर्वी ठरलेल्या 100 रुपयांच्या दराची किंमत आज 68 रुपयांच्याही आत आली, आणि ही सगळं सुरळीत चाललं तरची गोष्ट. सरकार स्वतःच्या कर्मचाऱ्यांना काय देतं तेही पाहा. सातवा वेतन आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला. केंद्राचा महागाई भत्ता तिथून शून्यापासून मोजायला लागला आणि जानेवारी 2024 मध्ये तो 50 टक्क्यांवर पोचला. आठ वर्षांत जगण्याचा खर्च दीडपट झाला, असं सरकारच्याच निर्देशांकाने सांगितलं. तो भत्ता वर्षातून दोनदा सुधारला जातो. त्यासाठी कुणा कारकुनाला साहेबांसमोर घसा खाकरत उभं राहावं लागत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनावर काम करणाऱ्या कामगाराचा विशेष भत्ताही दर सहा महिन्यांनी बदलतो.

तेव्हा ज्याने आठ-दहा वर्षं दर वाढवला नाही, त्याचा दर एक तृतीयांशाने कापला गेलेला आहे. ही कपात कुणी ठरवली नाही, कुणी कळवली नाही, कुणी तिच्यावर सही केली नाही, म्हणून ती कपात वाटत नाही, एवढंच. उद्या एखाद्या प्रकाशकाने पत्र पाठवून "आजपासून तुमचा दर तेहतीस टक्क्यांनी कमी करत आहोत" असं कळवलं, तर त्याला "जुने संबंध" कुणी म्हणणार नाही. मग तीच गोष्ट पत्राविना घडली तर तिला संबंध जपणं का म्हणायचं?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "मराठी पुस्तकं खपत नाहीत, आम्हाला परवडत नाही." प्रकाशनव्यवसाय अडचणीतून चालतो हे मला मान्य आहे. हजाराची आवृत्ती संपायला वर्षं लागतात, पाचशेच्या आणि त्याहून लहान आवृत्त्या निघतात, दुकानांकडे पैसे अडकतात, हे सगळं खरं. पण या अडचणीचा भार कोणाच्या अंगावर टाकला जातो ते पाहायला हवं. लेखकाचं स्वामित्वधन छापील किमतीच्या टक्क्यांत असतं. विक्रेत्याचं कमिशनही टक्क्यांतच असतं. पुस्तकाची किंमत 200 ची 350 झाली की या दोघांचा वाटा न मागता वाढतो. कागदवाला आणि छापखाना आजच्या भावाने बिल करतात, आणि ते बिल भरल्याशिवाय माल हलत नाही. उरतात अनुवादक, मुद्रितशोधक आणि अक्षरजुळणी करणारे, ज्यांचा दर पानाला किंवा शब्दाला ठरलेल्या रुपयांत असतो. साखळीतल्या बाकी सगळ्यांचं उत्पन्न किमतीबरोबर आपोआप वर जातं आणि आमचं जागच्या जागी राहतं. म्हणून वाढ तोंडाने मागण्यावाचून आमच्यापुढे दुसरी वाट नसते, आणि ती एकच वाट "आपल्यात कसला दर, ताई" या चार गोड शब्दांनी बंद केली जाते.

परवडण्याचाही हिशेब करून टाकू. समजा 240 पानांचं, म्हणजे 16 पानी 15 फॉर्मांचं पुस्तक आहे. पहिल्या प्रुफापासून शेवटच्या प्रुफापर्यंत सगळं धरून मुद्रितशोधनाला पानाला 20 रुपये मिळतात. एकूण झाले 4,800. आता दर एकदम दीडपट करा, पानाला 30. झाले 7,200. फरक 2,400 रुपयांचा. हजार प्रतींची आवृत्ती असेल तर प्रतीमागे 2 रुपये 40 पैसे, पाचशेची असेल तर 4 रुपये 80 पैसे. पुस्तकाची किंमत 350 असेल तर पहिल्या हिशेबात हा बोजा एक टक्कासुद्धा नाही, आणि दुसऱ्यात दीड टक्क्याच्या आत आहे. आकडे बदलून पाहा, पाने कमी-जास्त करा, निष्कर्ष फारसा हलणार नाही. दीडपट वाढीनेही जो खर्च किमतीत जेमतेम जाणवतो, त्याच खर्चावर व्यवसायाचं तगणं अवलंबून आहे असं सांगणं वस्तुस्थितीला धरून नाही. अनुवादाची रक्कम मोठी असते, तिथे बोजा अधिक पडतो, हे मान्य. पण अनुवादित पुस्तकात अनुवाद हाच माल असतो. मूळ लेखकाच्या हक्कांसाठी पैसे मोजायचे, चकचकीत मुखपृष्ठ करायचं आणि वाचक जे प्रत्यक्ष वाचणार ते शब्द दशकभरापूर्वीच्या भावाने घ्यायचे, हा प्राधान्यक्रम कुठल्याही हिशेबात बसत नाही.

गोठवलेल्या दराने शेवटी काय होतं हे मुंबईने अर्धशतकाहून अधिक काळ पाहिलेलं आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची प्रमाण भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून ठेवली. त्या काळी भाडेकरूंना संरक्षणाची गरज होतीच. पण दशकं उलटली, दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढला आणि भाडी तिथेच राहिली. मालकांनी डागडुजी सोडली. चाळींचे सज्जे लोखंडी टेकूंवर आले, इमारती कोसळू लागल्या, आणि 1969 साली राज्याला वेगळा कायदा करून, उपकर बसवून दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ उभं करावं लागलं. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठवणुकीबद्दल निकाल दिला. एके काळी वाजवी असलेल्या या तरतुदी काळ लोटल्यामुळे अवाजवी झाल्या आहेत, हे त्याचं सार. पुढे 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, आणि भाडेकरूला संरक्षण देणाऱ्या त्या कायद्यानेही मालकाला भाड्यात दर वर्षी 4 टक्के वाढ करण्याचा हक्क दिला. दुर्बळ बाजूच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यालाही जे मान्य करावं लागलं, ते आमच्या व्यवसायात उद्धटपणा ठरतं, हे मला पटत नाही.

त्या चाळींचं जे झालं तेच हळूहळू कामाचं होतं. जुन्या दरात घर भागत नाही तेव्हा माणूस अधिक कामं घेतो. जिथे पूर्वी तीन वाचनं व्हायची तिथे दोन होतात. शंका आली तर लेखकाला फोन करण्याऐवजी "असेल बरोबर" म्हणून पान उलटलं जातं. नव्या, नीट पैसे देणाऱ्या ग्राहकाचं काम सकाळच्या ताज्या डोळ्यांनी होतं आणि जुन्याचं रात्री जेवणानंतर. यात दुष्टपणा नाही, कामचुकारपणाही नाही, ही अपुऱ्या पैशांनी येणारी स्वाभाविक झीज आहे. प्रकाशकाला ती ताबडतोब दिसत नाही. ती वाचकाला दिसते, आणि वाचक प्रकाशकाचं नाव लक्षात ठेवतो. दर न वाढवून आपण पैसे वाचवले असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या अलीकडच्या पुस्तकांची कुठलीही वीस पानं हातात पेन्सिल घेऊन वाचावीत.

"बाजारात याहून स्वस्तात करणारे पुष्कळ आहेत," हा पुढचा मुद्दा. असतील. पण मग त्यांच्याकडे का गेला नाहीत? कारण जुना माणूस जे करतो त्यातलं बरंचसं बिलावर नसतंच. एक पान घेऊन दाखवते. श्रीलिपीत टंकलेला जुना मजकूर युनिकोडमध्ये आणला की काही ठिकाणी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. हे कुणालाही दिसेल. पण "दीन" च्या जागी "दिन", किंवा "सूत" च्या जागी "सुत" पडलं, तर शब्द तपासणारं सॉफ्टवेअर गप्प बसतं, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. चाळिसाव्या पानावर नायिकेची मावशी सुमती असते आणि एकशे नव्वदाव्यावर सुमन होते. तीही चूक कुठलंही यंत्र दाखवत नाही, ती आठवणीने सापडते. आणि लेखकाच्या मालवणी संवादातल्या "माका" ला हात लावायचा नाही, पण त्याच लेखकाच्या निवेदनात चुकून शिरलेलं बोलीरूप मात्र विचारून घ्यायचं, हे त्याची पाच पुस्तकं वाचलेल्या माणसालाच कळतं. तुमच्या प्रकाशनाची लेखनपद्धती, तुमच्या लेखकांचे हट्ट, तुमच्या संपादकाच्या खुणा जुन्या माणसाच्या डोक्यात असतात. नव्याला ते शिकवण्यात तुमचा वेळ जातो. म्हणजे त्याच ग्राहकासाठी केलेलं काम दर वर्षी अधिक मोलाचं होत जातं. त्याचा दर मात्र दर वर्षी कमी होत जावा, हे तर्काला धरून नाही.

हल्ली याला नवी जोड मिळाली आहे: "मशीनने अनुवाद करून ठेवलाय, तुम्ही फक्त नजरेखालून घाला." आणि त्या नजरेचा दर मूळ दराच्या निम्म्याहून कमी. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलं आहे त्यांना विचारा. कच्च्या माणसाचा वाईट अनुवाद पहिल्याच ओळीला ठेच लावतो, त्यामुळे चूक लपत नाही. यंत्राचा मजकूर गुळगुळीत असतो, म्हणून तो मुळाशी वाक्यागणिक ताडून पाहावा लागतो. इंग्रजी कादंबरीतल्या "अंकल" चा त्याने सरसकट काका केलेला असतो, आणि शंभर पानांनी कळतं की तो आईचा भाऊ आहे, म्हणजे मामा. दोन मित्र एका परिच्छेदात "तू" म्हणतात, पुढच्यात "तुम्ही". हे सगळं शोधून दुरुस्त करणाऱ्याच्या नावावर पुस्तक निघतं आणि टीकाही त्याच्याच वाट्याला येते. टंकण्याचे श्रम कमी झाले असतील, जबाबदारी तसूभरही कमी झालेली नाही. जबाबदारीचे पैसे द्यायचे नसतील तर यंत्राचंच नाव मुखपृष्ठावर घालावं.

भाषासेवेचा दाखलाही दिला जातो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद मलाही झाला. पण भाषेचं वैभव रोज कुणीतरी शुद्ध, नेटकं, वाचनीय मराठी पान तयार करतं म्हणून टिकतं. त्या माणसाला या कामावर घर चालवता आलं नाही तर तो बँकेच्या जाहिराती आणि ॲपचा मजकूर लिहायला जाईल, आणि जातोच आहे. सेवेच्या नावाखाली ज्याला कमी पैसे देता, त्यालाच तुम्ही भाषेबाहेर ढकलता.

आता प्रकाशकांच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करते. काम हातात घेऊन निम्म्यावर आल्यावर दर वाढवणं ही अडवणूक आहे. दहा वर्षं अवाक्षर न काढता एके दिवशी दुप्पट मागणं समोरच्याला हादरवतं, आणि त्याचा राग रास्त असतो. तारखा न पाळणाऱ्याने दरवाढ मागण्याआधी तारखा पाळाव्यात. पण या तक्रारींचा इलाज दर न वाढवणं हा नव्हे. तो नियमाने, आधी सांगून, थोडा-थोडा वाढवणं हा आहे. पुण्या-मुंबईत घर भाड्याने देता-घेताना लिव्ह अँड लायसन्सच्या करारातच वार्षिक वाढीचं कलम असतं. दोघेही ते वाचून सही करतात आणि पुढची वर्षं कुणी कुणाला लोभी म्हणत नाही. आमच्या कामातही हेच व्हायला हवं.

म्हणून माझ्या बरोबरीच्या मंडळींना माझं सांगणं असं. पत्र लिहा, फोनवर चाचरत बोलू नका. दोन-तीन महिने आधी लिहा. त्यात कैफियत नको, घरच्या अडचणी नकोत, क्षमायाचना तर मुळीच नको. एवढं पुरे: "1 एप्रिलपासून स्वीकारलेल्या कामांसाठी माझा मुद्रितशोधनाचा दर पानाला अमुक रुपये राहील. सध्या हाती असलेली कामं जुन्याच दराने पूर्ण करून देईन. यापुढे दर वर्षी 1 एप्रिलला दराचा फेरविचार होईल. आपल्याबरोबर काम करत राहण्याची इच्छा आहे." एखादं छोटं नियतकालिक किंवा पदरमोड करून निघणारा दिवाळी अंक तुम्हाला मनापासून चालावासा वाटत असेल तर त्याला जरूर सवलत द्या, पण बिलावर पूर्ण दर लिहा, त्याखाली सवलत लिहा, आणि मग देय रक्कम लिहा. तुम्ही काय दिलंत हे दोघांच्याही नोंदीत राहिलं पाहिजे, नाहीतर तुमचा स्नेह हाच पुढच्या वर्षी तुमचा दर बनतो.

पैसे उशिरा मिळणं हीसुद्धा दरकपातच आहे. "पुस्तक विकलं की बघू" याला मुदत म्हणत नाहीत. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा 2006 चा कायदा सेवा देणाऱ्या एकट्या-दुकट्या व्यावसायिकालाही लागू होऊ शकतो. उद्यम नोंदणी करून घ्या. लेखी करार असला तरी ग्राहकाने 45 दिवसांच्या आत पैसे द्यावेत असं तो सांगतो. करार नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. 2023 साली आयकर कायद्यात दुरुस्ती होऊन 1 एप्रिल 2024 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून वजा करता येत नाही. कुणाला धमकावण्यासाठी मी हे सांगत नाही. तुमची मागणी वाजवी आहे हे देशाच्या कायद्यालाही मान्य आहे, एवढं मनाशी पक्कं असू द्या.

"काम गेलं तर?" ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेणार नाही. पण तिचाही हिशेब करा. दर 25 टक्क्यांनी वाढवलात आणि त्यामुळे पाचवा हिस्सा काम गेलं, तरी उत्पन्न तेवढंच राहतं, आणि पाचवा हिस्सा वेळ मोकळा होतो. त्या वेळात नवा ग्राहक मिळू शकतो, किंवा उरलेलं काम अधिक चांगलं होऊ शकतं. एकाच ग्राहकावर सगळं पोट अवलंबून असेल तर आधी दुसरा शोधा आणि मग पत्र लिहा, पण लिहा. जो ग्राहक केवळ तुमच्या स्वस्ताईमुळे टिकला आहे, तो अधिक स्वस्त कुणी भेटेपर्यंतच तुमचा आहे. ज्याला तुमचं काम हवं आहे तो थोडी घासाघीस करेल, कदाचित आठवडाभर उत्तर देणार नाही, आणि मग हो म्हणेल.

शेवटची गोष्ट ज्येष्ठांसाठी, ज्यांच्या हाताखाली आम्ही शिकलो. आपला जुना दर ही आपली खासगी बाब आहे, आपल्याला गरज नाही म्हणून आपण वाढवत नाही, असं तुम्हाला वाटतं. ते तसं नाही. पंचविशीतली एखादी मुलगी जेव्हा वाजवी दर सांगते, तेव्हा तिला तुमचंच नाव सांगितलं जातं: "त्या इतकी वर्षं करताहेत, त्या अजून एवढेच घेतात, तुम्हाला कशाला जास्त?" तुमचा अनुभव असा तिच्या डोक्यावरचं छत बनतो आणि तिला सरळ उभं राहू देत नाही. तुम्ही पेन्शनीवर, मुलांच्या आधारावर किंवा हौसेने जे निभावून नेता, ते तिला निभावता येत नाही. दोन वर्षांत ती हे क्षेत्र सोडते, आणि मग तुम्हीच म्हणता की चांगली मुलं या कामात येत नाहीत. तुम्हाला दरवाढीची गरज नसेल, पण तिला तुमच्या दरवाढीची गरज आहे. तेव्हा पहिलं पत्र तुम्ही लिहा. तुमचा शब्द मोडण्याची हिंमत कुठलाही प्रकाशक सहसा करणार नाही, आणि तुम्ही वर नेलेला दर तुमच्या मागून येणाऱ्या प्रत्येकाला मिळेल.